धाकटीचा सपाट आलेख

४ ऑगस्ट, सोमवार
प्रोजेक्टवर कायम झाले. मॅडम म्हणाल्या, अभिनंदन. मी म्हणाले, थँक्यू. आनंद अजून झालेला नाही. संध्याकाळपर्यंत होईल.

काम सोपं आहे. कॉलेजच्या मुलामुलींच्या मनगटावर बँड बांधायचा. तो नाडी मोजतो. फोनमधलं अ‍ॅप अधूनमधून विचारतं, आत्ता कसं वाटतंय? एक ते पाच. ताण वाढला की बँड थरथरतो आणि अ‍ॅप दीर्घ श्वास घ्यायला सांगतं. एक सहभागी कमी पडत होता म्हणून धाकटीला घेतलं. घरचं माणूस चालेल का, असं मॅडमना पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, अगं बाई, चालेल! फक्त तिच्याशी ताणाबद्दल अ‍ॅपबाहेर बोलू नकोस, डेटा बिघडतो.

हे मला जमेल. तिसरीपर्यंत आम्ही दोघी शाळेत गेलोच नाही. बाबांनीच जेवणाच्या टेबलावर शिकवलं. विचारल्याशिवाय बोललं की एक मार्क कापत. धाकटीचे पुष्कळ कापले गेले. माझा एकही नाही.

संकल्प : नियम शंभर टक्के पाळायचा. शिवाय रोज सकाळी श्वासाचा व्यायाम.

६ ऑगस्ट, बुधवार
व्यायाम राहिला. ऑफिसला उशीर होत होता.

चाचणी म्हणून मीही बँड घातलाय. ‘उत्तम’ दाखवतो. सकाळपासून रात्रीपर्यंत उत्तम. माझं मलाच कौतुक वाटायला हवं.

९ ऑगस्ट, शनिवार, सकाळ
केस विंचरताना धाकटी म्हणाली, ताई, एक सांगायचं होतं. मी विचारलं, ताणाबद्दल आहे का? म्हणाली, तसंच काहीतरी. मी म्हटलं, मग अ‍ॅपमध्ये लिही. ती म्हणाली, वाचणार कोण? मी खरं तेच सांगितलं. प्रोजेक्टचा अभ्यास संपल्यावर सगळ्यांचं एकत्र वाचलं जाईल, नावं काढून. ती म्हणाली, वा, म्हणजे माझं वाचतील तेव्हा ते माझं नसणारच. आणि कंगवा माझ्या हातात देऊन गेली.

विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

१३ ऑगस्ट, बुधवार
जेवताना धाकटीने मधेच सांगितलं की तिच्या कॉलेजात नोटीस लागलीय. कोर्स बदलायचा असेल तर २९ तारखेपर्यंत अर्ज, पालकांच्या सहीसकट. नंतर बदलला तर वर्ष वाया. बाबा म्हणाले, फार्मसी सोडून जाणारे महाभाग कोण? ती म्हणाली, असतील कुणी, मी आपली नोटीस सांगितली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढून घेतला.

बातम्या लक्षात ठेवते पोरगी. मला हिच्या वयात नोटीसबोर्ड कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सिस्टिममध्ये बग. बँड कुठे आहे ते नकाशावर दिसतं, पण कॉलेजच्या वेळेत धाकटीचा ठिपका कॉलेजात दिसत नाही. दोन गल्ल्या अलीकडे, पैसे देऊन मशिनमध्ये आपले कपडे धुवून न्यायचं दुकान आहे, तिथे दिसतो. कालही तिथेच होता. तक्रार नोंदवली. डेटा बघणाऱ्याला आम्ही चार्जर म्हणतो, कारण तो कायम दुसऱ्याचा चार्जर शोधत असतो. तो म्हणाला, बाकी सगळ्यांचे ठिपके जागेवर आहेत, एकाच मुलीचा उपग्रह बिघडला होय? मी म्हटलं, तांत्रिक बाबतीत चेष्टा नको. त्याने तिचं लोकेशन हाताने कॉलेजवर ओढून ठेवलं.

प्रश्न मिटला.

१९ ऑगस्ट, मंगळवार
बँकेचं काम होतं, त्या गल्लीतून गेले. धाकटी दुकानात होती. काचेतून स्पष्ट दिसली. बाकड्यावर, मांडीवर सॅक, समोर फिरणाऱ्या मशिनकडे बघत. मशिनमध्ये कपडे दुसऱ्याच कुणाचे होते. एका बाईंनी येऊन ते काढले, तरी ही रिकाम्या मशिनकडे बघत बसलेली.

मी आत जाणार होते. पण गेले असते तर विचारलं असतं, आणि विचारलं असतं तर ते अ‍ॅपबाहेर झालं असतं. रस्ता ओलांडून परत आले. बँकेचं काम राहिलं.

कॉलेजला सुट्टी असेल.

२० ऑगस्ट, बुधवार
सुट्टी नव्हती.

ऑफ तास असेल. व्यायाम आज केला, म्हणजे फोनवर चालू करून ठेवला आणि दात घासले.

२५ ऑगस्ट, सोमवार
धाकटीचा आलेख बघण्यासारखा झालाय. सुरुवातीला डोंगर होते, आता पंधरवडाभर सरळ रेघ. अ‍ॅपला उत्तरही रोज तेच, तीन, तीन, तीन. बुधवारच्या मीटिंगमध्ये यशाचं उदाहरण म्हणून दाखवणार. नाव काढून, अर्थात.

संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, ताई, तू बाबांशी बोलशील का? मी म्हटलं, कशाबद्दल? ती म्हणाली, तू विचारलंस तर सांगते. मी म्हटलं, थोडे दिवस थांब, महिनाअखेरीला अभ्यास संपतोय. ती म्हणाली, माझाही.

काय म्हणायचं होतं कोण जाणे.

२७ ऑगस्ट, बुधवार
मीटिंग. आलेख दाखवला. चार्जर म्हणाला, इतकी सरळ रेघ मी फक्त टेबलावर काढून ठेवलेल्या बँडची बघितलीय. हसले सगळे. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, सपाट म्हणजे शांत हे कुणी सांगितलं तुला? ही तुझी बहीण ना? आज घरी जा आणि विचार तिला. मी म्हटलं, पण नियम? त्या म्हणाल्या, खड्ड्यात गेला नियम.

हे त्या तोंडी म्हणाल्या. नियम छापील आहे. तेव्हा नियमातून सूट मिळावी म्हणून रीतसर मेल केला. मॅडम उद्यापासून प्रवासात.

मग चार्जरने माझा आलेख उघडला. तो धाकटीच्या आलेखावर ठेवला तर खालचा दिसेना. मी म्हटलं, एका घरच्या आहोत, संस्कार सारखे. मी मागितला नसताना त्याने स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
मेलचं उत्तर नाही. धाकटी सकाळी अर्ज टेबलावर ठेवून बाबांसमोर बसली होती. बाबा पेपर वाचत होते. ते काही विचारतील म्हणून ती थांबली होती. मी डबा घेतला आणि निघाले.

महिना संपला की सोमवारी निवांत बोलू.

३१ ऑगस्ट, रविवार
काल तिने स्वतःच सांगितलं. फार्मसी नको होती, तीन आठवडे कॉलेजला गेली नव्हती, तारीख परवा गेली. आईला माहीत होतं. समोरच्या शिंपीणबाईंनाही माहीत होतं. बाबा ओरडले नाहीत. मला म्हणाले, एका खोलीत राहता, तुला कळलं नाही? मी म्हटलं, मला कुणी विचारलं नव्हतं. त्यावर ते बराच वेळ टेबलाची कड पुसत बसले. कड स्वच्छ होती.

मला वाईट वाटलं असावं.

१ सप्टेंबर, सोमवार
मॅडमचा मेल आला. एकच शब्द : विचार.

संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, आता काय विचारतेस, तारीख गेली ना. मग म्हणाली, उद्या विभागप्रमुखांना भेटून विनंती करणार आहे, बाबांनी सही केलीय, पण ते सोबत असले की मला रडू येतं. तू येशील? मी लगेच हो म्हटलं. काय काय मुद्दे मांडायचे ते सांगू लागले. ती म्हणाली, ये, पण तू बोलू नकोस.

२ सप्टेंबर, मंगळवार
रजा टाकली. गेलो. विभागप्रमुख वाईट नाहीत. अर्ज वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, चार दिवस आधी आला असतात तर मीच सही केली असती. आता पुढच्या वर्षी. धाकटीने मान हलवली. रडली नाही.

मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही मोठ्या बहीण ना? तुम्हाला केव्हा कळलं?

धाकटीने माझ्याकडे बघितलं. या खेपेला मी बोलले असते तर तिला चाललं असतं, असं वाटलं.

मी काही बोलले नाही.