आमच्या घरातली जबाबदार प्रौढ व्यक्ती

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कालपासून मान धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात बसल्या जागीच केला. लिहिताना खोटं नको म्हणून कळवते.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याचं विचारते आहे. उजवा बरा असल्याचं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, पण तेव्हा उन्हाळा होता, म्हणून उजव्याचंही कळव. बाबांचं ठीक आहे, आईचं ठीक आहे, दादाचं फार ठीक आहे. माझं विचारू नकोस, कारण तेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलंय आणि ते लांबणार आहे. पाणी जवळ घेऊन बस.

आमच्या घरची वाचनाची पद्धत तुला माहीत आहेच, ती तुझ्याच भावाने पाडली. विमा कचेरीत नुकसानभरपाईच्या टेबलावर आयुष्य काढल्यावर माणूस दुसरं काय करणार? ज्यांचं छप्पर उडालं, ज्यांची गाडी बुडाली, ती सगळी माणसं त्या टेबलासमोर बसून एकच वाक्य बोलायची, की साहेब, ते मागचं बारीक अक्षरातलं आम्ही वाचलंच नव्हतं. म्हणून आमच्याकडे घरात येणारा किंवा घरातून जाणारा प्रत्येक कागद बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, मग बाबा विचारणार, हरकत? कुणी बोललं नाही की कागद पास. यात परीक्षेचे निकाल आले, लाँड्रीच्या पावत्या आल्या आणि तुझी पत्रंही आली. (माझीही जातात तशीच. हेही वाचलं जाईल. ते ध्यानात ठेवून वाच.) लहानपणी दम्यामुळे माझी पहिली काही वर्षं शाळा घरीच झाली, आणि बाबांनी मला अक्षरओळख करून दिली ती विम्याच्या कागदांच्या पाठीवरून. बाकीची मुलं ससा आणि कासव वाचत होती तेव्हा मी 'पुरामुळे झालेले नुकसान, मात्र तळमजला वगळून' असं वाचत होते. आम्ही तळमजल्यावर राहायचो. तेव्हापासून मला कुणी चांगली बातमी सांगितली की मी पुढच्या 'मात्र'ची वाट बघत बसते.

आता दादाकडे येते. तो मोबाइलच्या दुकानात आहे. दुकानात जे खपत नाही ते त्याला सवलतीत मिळतं, आणि जे सवलतीत मिळतं ते आपल्याला लागतंच, असं त्याचं मत आहे. त्यामुळे आमच्याकडे सध्या एक फ्रीज आहे जो आत काय आहे ते बाहेर लिहून दाखवतो (आई म्हणते, दार उघडलं की मलाही दिसतं), एक कुलूप आहे जे चेहरा बघून उघडतं (बाबांचा, दाढी केलेली असेल तर), एक गीझर आहे जो प्रत्येकाच्या आंघोळीच्या सवयी लक्षात ठेवतो (कशासाठी ते त्याने अजून सांगितलेलं नाही), आणि फरशी पुसणारी एक चकती आहे जी सोफ्याखाली जाते आणि तिथून मदत मागते. जेवायला बसलं की यावरून बाबा आणि दादा यांची जुंपते. दादाचं म्हणणं, सरकारने यात नाक खुपसू नये, ज्याला नको त्याने घेऊ नये. बाबांचं म्हणणं, कायदा नसेल तर या कंपन्या आपल्याला कच्चं खातील. दादा म्हणतो, ज्यांना रस्त्यावरचा दिवा वेळेवर लावता येत नाही ते फ्रीज काय सांभाळणार. बाबा म्हणतात, तुझ्या फ्रीजला तरी कुठे दूध सांभाळता येतं. (त्या दिवशी तो स्वतःत सुधारणा करून घेत होता. तेवढ्यात दूध नासलं.) मला दोघांचंही पटतं, म्हणजे सरकारबद्दल दादाचं आणि कंपन्यांबद्दल बाबांचं. पण मग काय करायचं, असा प्रश्न आला की दोघेही माझ्याकडे बघतात आणि मी भांडी आवरायला उठते.

तशात हा नवा नियम आला. तुमच्याकडेही आला असेल, पण तुझ्या घरात बोलणारी वस्तू म्हणजे कुकर, तेव्हा तुला झळ लागली नसणार. सरकारने कंपन्यांना सांगितलं, माणसाला समजावून सांगितल्याशिवाय त्याची परवानगी घ्यायची नाही. कंपन्यांनी मान डोलावली आणि माणसालाच परीक्षेला बसवलं. आता अशी उपकरणं असलेल्या प्रत्येक घरात एक 'जबाबदार प्रौढ व्यक्ती' नोंदवावी लागते. उपकरणाने आपल्या अटी बदलल्या (आणि त्या बदलतात, आत्या, हवेसारख्या बदलतात) की त्या व्यक्तीने त्या शेवटपर्यंत वाचायच्या, आणि वाचताना डोळे ओळींवरून फिरतात की नाही ते पडद्यावरचा कॅमेरा बघतो. भराभरा खाली गेलं की तो म्हणतो, 'आपण वाचलेले दिसत नाही,' आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आणून सोडतो. तोवर उपकरण बंद. दादा दुसऱ्या ओळीवर नापास झाला. आई म्हणाली, मला उघडझाप करणारं दार हवं होतं, परीक्षा घेणारं नको, आणि स्वयंपाकघरात गेली. बाबांनी डोळ्यांची तक्रार सांगितली (चष्म्याशिवाय सरकारी निविदा वाचत असताना). मग तिघांनी मिळून माझं नाव सुचवलं. बाबांनी विचारलं, हरकत? मी 'आहे' म्हणायला तोंड उघडलं, पण नियमाचं तिसरं पान वाचायचं राहिलं होतं आणि पूर्ण न वाचता हरकत घेणं मला बरोबर वाटेना. तेवढ्यात पास झालं.

तेव्हापासून मी जगते आहे ती अशी. प्रयोगशाळेत मी पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत असते (अजून हंगामीच, कायम करू करू म्हणतात) आणि फोन वाजतो, 'आपल्या गीझरने आपल्या अटी अद्ययावत केल्या आहेत.' मागोमाग बाबांचा फोन. अंगाला साबण लावलेला माणूस किती सविस्तर बोलू शकतो ते मला आता कळलं आहे. मी जिन्यात उभी राहून वाचते. दुसरा कुणी असता तर नुसते डोळे फिरवले असते, पण मला ते जमत नाही. कॅमेऱ्याला फसवता येईल, पण मग कलम सोळामध्ये काय होतं ते मला रात्रंदिवस छळेल. (कलम सोळामध्ये असं होतं की गीझरच्या हलगर्जीपणाने कुणी भाजल्यास वाद गीझरच्या सोयीच्या गावी चालेल.) आमचे साहेब जिन्यातून जाताना विचारतात, काय, आज कोण? मी म्हणते, फ्रीज. ते म्हणतात, बरा आहे ना?

सर्वांत वाईट गोष्ट पाणीपुरवठा खात्याच्या मुलाखतीत झाली. समोर तीन मोठे अधिकारी, आणि मधल्या बाईंनी नुकतंच विचारलं होतं की अहवालात शंका आली तर काय कराल. तेवढ्यात फोन. कुलपाने अटी बदलल्या होत्या आणि आई कचरा टाकायला गेलेली, बाहेर अडकली होती, पायात बाबांच्या चपला. मी क्षमा मागितली, खरं काय ते सांगितलं आणि तिथेच वाचायला बसले. ती तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मध्ये एके ठिकाणी मला शंका आली म्हणून मी मागे जाऊन एक कलम पुन्हा वाचलं. शेवटी दार उघडलं, आईने फोनवर 'बरं' म्हटलं, आणि मी नोकरी गेली असं समजून पिशवी उचलली. तर मधल्या बाई बाकीच्या दोघांना म्हणाल्या, जी मुलगी कुलपाच्या अटी दोनदा वाचते ती गावाचं पाणी न तपासता सोडायची नाही, आपल्याला अजून काय बघायचंय? आत्या, मला घेतलं. कायम. मी 'मात्र'ची वाट बघत उभी राहिले आणि तो आलाच. नेमणूक तुझ्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात, आणि एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर पुढचा उमेदवार.

आता या नियमाचं म्हणणं असं की जबाबदार व्यक्तीने त्याच पत्त्यावर राहिलं पाहिजे. मी नोंदणी कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे बघूनच विचारलं, जबाबदार व्यक्ती ना? मी म्हटलं, तुम्ही कसं ओळखलंत. त्या म्हणाल्या, रांगेत उभं राहून पाटी वाचत होता, बाकीचे खिडकीत हात घालतात. सुटका हवी असेल तर दुसरं नाव द्या, म्हणाल्या. मी म्हटलं, घरात कुणी तयार नाही. मग लग्न करा आणि नवऱ्याचं नाव घाला, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पण त्यालाही त्याच पत्त्यावर राहावं लागेल, मग मी जाऊन तो राहणार का, माझ्या आईवडिलांपाशी? त्या म्हणाल्या, बघा, तुम्ही किती चांगल्या जबाबदार व्यक्ती आहात, सोडता कशाला. शेवटी त्यांना दया आली असावी. नियमाच्या जोडपत्रावर बोट ठेवून म्हणाल्या, हे वाचा, हे आजवर कुणी वाचलेलं नाही, आम्हीसुद्धा.

मी वाचलं. दादालाही तत्त्वतः विचारून पाहिलं की तू नाव देशील का. तो म्हणाला, सरकारी कागदावर मी नाव घालणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. (चकती कुणी आणली, असं मी विचारलं नाही. ती त्या वेळी सोफ्याखालून मदत मागतच होती.)

असो. गुडघ्यांना शेक देत जा. तुझ्या खिडकीतून तळं दिसतं तसंच दिसतं का, की समोर इमारत आली? पडद्यांचं कापड मी बघून ठेवलं आहे, निळं आहे पण फार निळं नाही, आणि याद्वारे सर्व संबंधितांना कळवण्यात येते की मी एक तारखेपासून तुझ्या गावी कायम राहायला जात असल्याने या घरातील जबाबदार प्रौढ व्यक्ती म्हणून दादा यांचे नाव नोंदवण्यात येत आहे, आणि कापड धुतल्यावर आटतं का ते दुकानदाराला नक्की सांगता आलं नाही, म्हणून थोडं जास्तच घेईन.

तुझी,
भाची

ता. क. १. खरं काम हे आहे. शिवणयंत्राच्या खोलीत मला राहू देशील का? यंत्र हलवायला नको, मी त्याच्या बाजूने झोपेन. मी रविवारी पहिल्या गाडीने येते आहे. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलंस आणि कधी कुणाचं ऐकलं नाहीस (निदान कुणाला सांगितलं नाहीस), म्हणून जगात राहण्यासारखं घर तेवढंच उरलंय. नको असेल तर स्पष्ट लिही. गप्प राहू नकोस. गप्प राहण्याचा अर्थ काय होतो ते खाली आहे.

ता. क. २. जोडपत्रात असं आहे: नवीन नावाची सूचना कोणत्याही लेखी स्वरूपात घरातील सर्व प्रौढांसमोर मोठ्याने वाचावी, हरकत विचारावी, हरकत न आल्यास संमती समजावी. हा नियम ज्याने लिहिला तो बाबांच्याच टेबलासमोर कधीतरी बसला असावा. पत्र वाचायला घेण्याआधी मी बाबांना विचारलं, सगळ्यांसमोर स्वच्छ वाचलं आणि कुणी ऐकलंच नाही तर दोष कुणाचा? बाबा म्हणाले, न ऐकणाऱ्याचा, यात शंकाच नाही. मग मी सहीपर्यंतचं सगळं वाचलं, स्पष्ट, सावकाश. दादाने 'फार ठीक' या शब्दांवर आक्षेप घेतला आणि मग फोन उघडला. बाबांनी निविदांबद्दल खुलासा केला आणि गीझरचा मजकूर आला तेव्हा डोळे मिटून घेतले. 'याद्वारे'ला मी थांबले, दादाकडे बघितलं, आणि ते वाक्य दोनदा वाचलं. हरकत, असं मी स्वतःच विचारलं, तेही दोनदा. दादा मान खाली घालूनच म्हणाला, पास, पास. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली की चपला बाबांच्या नव्हत्या, दादाच्या होत्या. आज कपाट उघडलं तर माझ्या पिशवीत तिची जाड शाल घडी करून ठेवलेली होती.

ता. क. ३. पाकीट बंद करणार इतक्यात गीझरने अटी बदलल्या. आत दादा आहे. वाचन झाल्याचं मी कचेरीत कळवलं होतं आणि नोंदणी कालच मंजूर झाली आहे, त्यामुळे फोन त्याचा वाजला, आणि तो आता दाराआड तिसऱ्यांदा पहिल्या ओळीवर आला आहे. मी मदत करणार होते, पण कलम चारप्रमाणे दुसऱ्याने वाचलेलं धरत नाहीत. आत्ताच तो आतून ओरडला की हे लोक वाट्टेल ते लिहून माणसाला अडकवतात, यांच्यावर सरकारचा काहीतरी नियम पाहिजे. बाबांनी वर्तमानपत्र खाली न ठेवताच उत्तर दिलं, आहे ना, तोच वाचतोयस.