चार दिवस पाण्यातली माती

बापू,

आज कपाट आवरताना तुमची लोखंडी दांडी हाती आली. लोहाराकडून तुम्ही ती बोथट टोकाची करून घेतली होती. मातीवर उभी धरायची, वर धान्याच्या तराजूतली वजनं चढवायची आणि दांडी किती बोटं रुतते ते पाहायचं. रस्त्याखालची माती गाड्यांचा भार पेलेल का, हे तुम्ही असं ठरवत होता.

लढाईचे दिवस होते. मी कॉलेजच्या सुटीत नंदुरबारला आले होते आणि तुम्ही कोरीटच्या रस्त्यावर ओव्हरसियर होता. साहेबांना काळ्या मातीवर थेट खडी टाकून पावसाआधी काम संपवायचं होतं. माती बळकट असल्याचा अहवाल दिला नाही, तर तुमची बदली अक्राणीच्या डोंगरात. मग मायच्या सोबतीला मी कॉलेज सोडून घरी बसायचं, हे कुणी न बोलताच ठरलं होतं. मी उन्हानं दगड झालेली माती तपासली, भाराचं गणित मांडलं आणि म्हणाले, "बळकट आहे. सही करा."

"गणित बरोबर शे," तुम्ही म्हणालात. "पन हाई वैशाखनी माती शे. गाड्या श्रावणमा बी जातीन."

मग तळाला भोकं पाडलेल्या डब्यात तुम्ही माती ठोकून भरलीत, वर दगड ठेवलात आणि डबा पाण्याच्या घंगाळात बसवलात. चार दिवसांसाठी. मायनं कपाळावर हात मारला. "मन्हा तुपना डबा! आते चिखलले फोडणी देऊ का?"

दुसऱ्या दिवशी माय बाजारात गेली आणि मी ते पाणी परसात ओतलं. रिकामं घंगाळ डब्यासकट उन्हात सरकवलं. संध्याकाळी तुम्ही काही विचारण्याआधीच म्हणाले, "शेजारची शेळी प्यायली असेल." घंगाळभर पाणी! तुम्ही डबा हातात तोलून पाहिलात. "तहानेल व्हई बिचारी," एवढंच म्हणालात आणि स्वतः विहिरीवरून पाणी आणलंत. चार दिवस पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर ती शेळी दारात दिसली की तुम्ही थांबून तिला विचारायचात, "काय वं, पानी पिनी का?" माय हसायची. मी मात्र रोज सकाळी घंगाळ काठोकाठ भरत होते.

शेवटच्या दिवशी मातीनं फुगून वरचा दगड उचलून धरला आहे. तुम्ही दांडी टेकवता, पहिलंच वजन ठेवता आणि ती सरळ तळाला जाते. तुम्ही वही माझ्यापुढे सरकवता. "आकडा तू लिख. तुन्हं अक्षर चांगलं शे." मी लिहिते. त्याहून कडक शिक्षा मला आयुष्यात कुणी केली नाही.

कोरीटच्या रस्त्याला खडीखाली मुरमाचा जाड थर मिळाला आणि तुम्हाला बदली. मायनं भांडी बांधली. "मी यासनासंगे डोंगरमा जासू. तू पुनाले जाय." तुम्ही माझ्या ट्रंकेत ही दांडी ठेवलीत.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकवलं. प्रयोग न करता आकडे लिहिणाऱ्या मुलींना सुरुवातीला मी सरळ वर्गाबाहेर काढत असे. तुमची रीत अंगी यायला वर्षं लागली: वही परत द्यायची, 'पुन्हा कर' म्हणायचं आणि कारण विचारायचं नाही. त्यातल्या काही चांगल्या शिक्षिका झाल्या. त्याचं श्रेय तुमचं.

हा कागद दांडीबरोबर कपाटातच राहील. ती शेळी त्या दिवशी आपल्या दारात आलीच नव्हती, बापू.