पंधरा किलोच्या आत

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "पाठीवर पंधरा किलोच्या वर घेतलंत तर पुढच्या वर्षी काठी घेऊन याल." नोएलीन शेजारीच बसली होती. घरी पोचायच्या आत बायकोचं फर्मान निघालं — मे महिन्यात डोंगरावर जायचंय ना? बॅग माझ्यासमोर काट्याला टांगायची. बंदुकीसकट. पंधराच्या वर गेली तर घरी बसून मेंढ्या मोज.

माझा दोस्त होहेपा आणि मी बत्तीस वर्षं मे महिन्यात ताहर नावाच्या रानबोकडांच्या मागे जातोय. एक वर्ष चुकलेलं नाही. यंदाही चुकवणार नाही.

५ मार्च

माझी रायफल मासे तोलायच्या काट्याला टांगली. दुर्बिणीसकट चार किलो सहाशे! रोग सापडला. नवी हलकी घ्यायची तर गाडी विकावी लागेल. स्वतःच बनवणार.

१२ मार्च

जेराल्डीन गावातल्या एका बाईंनी नवऱ्याची जुनी बोल्टची रायफल स्वस्तात दिली. कागद झाले, नोंद झाली. नळी गंजलेली, दस्ता तडकलेला, पण गोळी आत ढकलणारा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. मला तेवढाच हवा होता.

होहेपा बघायला आला. उलटीपालटी करून बघितली. "हिला रायफल म्हणायचं तर माझ्या आजीच्या छत्रीला तोफ म्हणावं लागेल."

२४ मार्च

लेथवाला युअन नवी नळी बसवून देतोय — बारीक आणि आखूड. मोबदला म्हणून दोन ट्रेलर सरपण. लाकडं फोडायला होहेपा आला. मी चार ओंडके फोडेपर्यंत त्याने ढीग घातला.

पण डोंगरावर मात्र तो दमतो. गेली काही वर्षं बघतोय. चढ लागला की माझ्या शंभर पावलं मागे, धापा टाकत. तीन वर्षांनी मोठा आहे माझ्याहून, वय दिसणारच. मी बोलून दाखवत नाही. वर जाऊन बसतो आणि त्याची वाट बघतो.

३१ मार्च

जुनापुराणा फायबरचा दस्ता मिळाला. आतून पोखरला. एकशे दहा ग्रॅम गेले. नोएलीन — "आणि पोटात चीज स्कोन किती गेले?"

चार.

८ एप्रिल

बोल्टच्या मुठीला भोकं पाडली. अख्खा दिवस गेला. अकरा ग्रॅम.

होहेपाला फोन केला. "अकरा ग्रॅम? न्हाव्याकडे जा, त्याहून जास्त निघतील." रायफलीला त्याने नाव ठेवलंय — उलथनं. आता नोएलीनही तेच म्हणते. "तुझं उलथनं माझ्या ओट्यावरून उचल."

२७ एप्रिल

नेमबाजीच्या मैदानावर पहिली चाचणी. हलकी बंदूक लाथ मारते हे ऐकून माहीत होतं. दुर्बीण भुवईवर आदळली, रक्त आलं. होहेपा गवतावर बसून हसत होता — "बोकड राहिला उभा, तूच आडवा झालास!" पण तिन्ही गोळ्या काडेपेटीएवढ्या जागेत. मग हसायचा थांबला. हात फिरवला तिच्यावरून. "बरी झालीय," म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

वजन दोन किलो सातशे. मी खूश आहे. फार खूश.

८ मे

उद्या निघायचं. जेवण झाल्यावर होहेपा बॅगा भरायला आला. सहा वर्षांपूर्वी मी सुट्या दगडांवरून गडगडत खाली आलो, तेव्हापासून दोघांच्या बॅगा तोच भरतो आणि मुक्कामाला तोच उपसतो. "तू भरलेली बॅग म्हणजे कचऱ्याची पिशवी." भरू दे बापडा.

नोएलीनने काटा धरला. रायफलीसकट तेरा किलो. तेरा! दोन किलो शिल्लक! मी होहेपाला म्हटलं, बघ, उलथन्याची करामत. त्याने चहाच्या कपात तोंड घातलं.

मग तो गाडीची चाकं बघायला बाहेर गेला. गंमत म्हणून त्याची बॅग काट्याला लावली. एका हाताने उचलेना. दोन्ही हातांनी उचलली. एकोणतीस. काटा बिघडला असं वाटलं.

दोरी सोडली. तंबू आणि भांडी तो नेतो, ते माहीत होतं. पण खाली माझी झोपायची पिशवी. माझा रेनकोट. माझे जाड बूट. माझी काडतुसं. मग माझी बॅग उघडली. मोजे, बिस्किटं, खाण्याचे डबे, आणि होहेपाच्या घरची लोकरी चादर — फुगवून बसवलेली, बॅग भरलेली दिसावी म्हणून.

नोएलीन दारात उभी होती. "सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू गेलाच नसतास."

म्हणजे जुनी रायफल घेऊनही मी पंधराच्या आतच होतो. मग अट कशाला घातलीस, विचारलं. "नाहीतर गुडघा धरून दोन महिने कुढत बसला असतास. कानस तरी चालवलीस."

लाज वाटली. वर बसून मी त्याची वाट बघायचो. मनात कीवही करायचो. आणि तो माझंच ओझं घेऊन येत होता.

त्याच्या पावलांचा आवाज आला तशी दोरी परत बांधली.

९ मे

रस्ता संपतो तिथे गाडी लावली. होहेपाची जुनी लाकडी रायफल, साडेचार किलोची, मी खांद्याला अडकवली. उलथनं त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, हे काय? म्हटलं, तुझ्यासाठीच बनवलंय. मी चौदा किलो आठशेवर. नोएलीनला सांगायची गरज नाही.

त्याने आपल्या बॅगेवरची गाठ बघितली. माझी गाठ तो ओळखतो. बोल्ट एकदा मागेपुढे सरकवला आणि निघाला.

आज चढावर मी पुढे गेलो नाही. त्याच्या मागून चाललो.