पुरुष संचालक पाहिजे

बीबी (ता. लोणार), रविवार

सौ. रुख्मिणीवहिनींस,

कोकिळेचा वाकून नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून कुरकुरतो, ते कळवा. खरं तर फोनच केला असता, पण तो उचलतो आमचा दादा, आणि तुमच्या हातात दिल्यावरही तिथंच कान लावून बसतो. हे बोलणं तुमच्या-माझ्यातलं आहे, म्हणून कागद घेतला.

तुम्हाला ठाऊकच आहे, आम्ही बायकांनी मिळून कांदा, मेथी, मिरची वाळवून विकायची कंपनी काढली आहे (कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, उन्हावर चालणारी वाळवणयंत्रं आणि अध्यक्ष म्हणून मी). मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका बिझनेस स्कूलमधून अर्पिता नावाची मुलगी संशोधनाला आली. विषय एका दमात म्हणता येऊ नये असा : शाश्वत विकास आणि नेतृत्वातील स्त्री-पुरुष समानता. पोरगी गोड, पण प्रश्न विचारून डोळ्यांत बघत राहते. त्यामुळे आमच्यातल्या संचालिका चांदबीनं घाबरून खरंच सांगून टाकलं की मीटिंगचा निम्मा वेळ आम्ही सुनांबद्दल बोलतो (अर्पितानं ते 'सामाजिक भांडवल' म्हणून लिहून घेतलं). ज्या कंपनीला चांगले गुण पडतील, तिला अर्पिताची संस्था नवी पक्की शेड बांधून देणार आहे. आमची शेड तर पावसाळ्यात अशी गळते की वाळलेली मेथी पुन्हा हिरवी होते. म्हणून आम्ही जीव तोडून उत्तरं दिली.

शाश्वत विकासात पैकीच्या पैकी. सरपण नाही, धूर नाही, मेथीचे देठ शेळ्यांना. समानतेत मात्र नापास! मी म्हटलं, अगं बाई, सगळ्या बायकाच आहेत, आणखी किती समानता पाहिजे? ती ओशाळून म्हणाली की तिच्या गणितात सगळ्या बायका असणं हे सगळे पुरुष असण्याइतकंच एकांगी. एक तरी पुरुष संचालक घ्या.

झालं, बातमी गावभर. आमच्या यांनी तर लोणारला जाऊन जाकीट शिवून आणलं. अर्पितासमोरच इच्छुकांना बोलावलं. पुंजाजी पाटील 'स्त्रियांना बोलू दिलं पाहिजे' यावर इतका वेळ बोलले की एकाही स्त्रीला तोंड उघडता आलं नाही. चांदबीचा नवरा शकूर मिरचीचा व्यापारी. तो आला तर विकणारा तोच आणि घेणाराही तोच, म्हणून खुद्द चांदबीनंच त्याला हात जोडले. राहिले आमचे हे. नेतृत्व दाखवायचं म्हणून यांनी आतला पंखा चालू असतानाच यंत्राचं दार उघडलं. वहिनी, कुरकुरीत वाळलेली मेथी अशी उसळली की हे जाकिटासकट हिरवे झाले, आणि अर्पिता चष्मा पुसत बसली. मी सगळ्यांदेखत हसले. मग यांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

पोरीनं सांभाळून घ्यायला विचारलं, अध्यक्षांचं म्हणणं पटलं नाही तर काय कराल?

"मीटिंगमधी काई नाई बोलणार," हे म्हणाले. "घरी गेल्यावर बोलीन."

बायकांना हसू आवरेना. एक चांदबी हसली नाही. "गावच्या सभेत आपन बायांनी इतके वर्सं तेच तं केलं," ती म्हणाली.

अर्पिताचं पेन थांबलं. मी यांना शेजारी बसवून घेतलं आणि खांद्यावरची मेथी झटकली. त्या क्षणी मतदान झालं असतं तर हेच निवडून आले असते. पण तेवढ्यात अर्पितानं नियम सांगितला, संचालिकेचा नवरा किंवा मुलगा चालत नाही. म्हणजे पुंजाजी सोडून कुणीच उरलं नाही, आणि पुंजाजी अजून बोलतच होते. हे मुकाट्यानं घरी आले, आणि सांगितल्याप्रमाणे घरी आल्यावर बोलले. अजून बोलताहेत.

बाकी क्षेम. तुमच्या लेकीला, प्राचीला आशीर्वाद, आणि गुडघ्याला जपा.

तुमची नणंद,
कोकिळा

ता. क. : भावाबद्दल नियमात काही नाही. तेव्हा आमच्या दादाला संचालक म्हणून द्याल का? चारचौघांत गप्प बसणं, विचारलं की हो म्हणणं आणि दाखवाल तिथं सही करणं, हे तुम्ही त्याला संसारात शिकवलंच आहे. असा तयार माणूस आम्ही कधी घडवायचा?

आणखी एक : त्याला संचालकपद वगैरे सांगू नका. बहिणीनं सत्कार ठेवलाय, एवढंच सांगा.

शेवटचं : काम फारसं नाही. टेम्पोतली कांद्याची पोती उतरवायची आणि आमच्याबरोबर चिरायला बसायचं. हंगामात माणूस मिळत नाही, वहिनी, आणि हे त्या पोरीनं विचारलं नाही म्हणून आम्हीही सांगितलं नाही. कांदा चिरताना दादाच्या डोळ्यांना धार लागते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. लागू द्या. नेमका तेव्हाच फोटो काढून पुण्याला पाठवू. तिकडे त्याला संवेदनशील नेतृत्व म्हणतात.