विहिणीच्या घरचं इंटरनेट

९ मार्च

बुरुलनं आज छपरावर ताट बसवलं. ताटच म्हणायचं, दुसरं काय — पांढरं, पोटात खोलगट. डिश म्हणतात म्हणे. माझी सून छपरावर, कमरेला दोर, आणि खाली दोराचं टोक धरून मी. म्हटलं, "पडलीस तर मला घेऊनच पडशील, एवढंच." वरून हसली. माझा मुलगा तेमिर गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून असं हसलेली नव्हती.

दुसरं ताट खाली सडकेवरच्या गावात, तिच्या माहेरी. मधे दरी, नऊ किलोमीटर. तिथे तारेतून इंटरनेट आलंय. आमच्या वरच्या गावात यायचं तर माझं आयुष्य पुरायचं नाही. म्हणून ते आता हवेतून आमच्याकडे फेकायचं. विहीणबाईंच्या घरून! म्हणजे जन्मभर ऐकून घ्यायचं.

१० मार्च

दोन्ही ताटांची तोंडं समोरासमोर लागतात. केसभर इकडेतिकडे झालं तरी गेलं. इतक्या लांबून घर कसलं दिसतंय! बुरुलनं आरसा दिला. "आई, ऊन पकडा आणि खाली मारा." मारलं. खालून व्याह्यांनी मारलं — लखकन्! मी ओरडलेच.

मग दोन तास ती वर स्क्रू पिळत होती, फोन खांद्यात धरून. "बाबा, डावीकडे. अजून थोडं. अहो, फार झालं!" मागून विहीणबाईंचा आवाज, "त्यांना डावं-उजवं कधी कळलंय?"

लागलं शेवटी. नातीनं, बर्मेतनं, पडद्यात तोंड घालून आजोबांना जीभ काढून दाखवली. आठ वर्षांची घोडी! मी रागावले नाही.

१४ मार्च

बुरुल पडद्यावरून शहरातल्या मुलांना गणित शिकवते. सकाळी तिघं, दुपारनंतर चौघं. तेवढा वेळ मी भांडी वाजवत नाही.

शहरातल्या शाळेनं तिला बोलावलंय, हे मला ठाऊक आहे. जानेवारीत पत्र आलं. तिनं वाचून कपाटात ठेवलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हे ताट चाललं तर इथून कमावता येईल, मग ती राहील. नाही चाललं तर बर्मेतला घेऊन जाईल. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं गणित मलाही येतं.

जाईल तर जाऊ दे म्हणा. सरपण कमी लागेल.

२१ मार्च

नौरुझ, आमचं नवं वर्ष. विहीणबाई आल्या. विहीण काही घेऊन आली की तिच्या अंगावर काही घातल्याशिवाय पाठवायचं नाही. पण इंटरनेटच्या बदल्यात घालायचं काय? ते काय दिसतं, की तोलता येतं? शेवटी मखमलीची बंडी घातली. म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा हवेला मखमल?" मी म्हटलं, "हवा चांगल्या घरची आहे!"

दोघी हसलो. बाई वाईट नाही. बोलते फार.

११ एप्रिल

चाललंय. मेंढ्या व्याल्या. हात दुखतात.

२ मे

अडखळतंय. पोरांची तोंडं पडद्यावर उघडीच्या उघडी राहतात, माशासारखी.

६ मे

बंद पडलं.

बुरुल परत छपरावर. सगळे स्क्रू घट्ट. खाली व्याही म्हणतात, इथे सगळं ठीक आहे. मी आरसा मारला. खालून काही नाही. फोनवर व्याही ओरडतायत, "अहो मारतोय मी, मारतोय!" मग दोघींनी एकदमच समोर बघितलं.

पॉपलरची झाडं. पानं!

मार्चमध्ये नुसत्या काठ्या होत्या, आरपार दिसत होतं. छत्तीस वर्षं मी या झाडांसमोर राहते. ती गणिताची मास्तरीण. आणि दोघींतल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही की झाडांना पानं येतात!

म्हटलं, "उंच खांब लाव." म्हणाली, "झाडांपेक्षा उंच? पहिल्या वाऱ्यात जाईल." मग खाली उतरून हात पुसले. "राहू दे आई. बघू काहीतरी."

बघू! बघू म्हणजे शहर.

७ मे

झाडं नऊ आहेत. चार मधे येतात.

तेमिर झाला त्या वसंतात ह्यांनी लावली. मुलगा झाला की बाप लावतोच — पोराच्या घराचं आढं, वासे, सगळं त्यातून निघतं. पोरगा घर बांधायला उभा राहिला की झाडं आडवी करायची. तेमिर चौतीसचा होऊन गेला. पाया खणायचा होता त्या उन्हाळ्यात. झाडं उभीच राहिली.

बुरुल त्यांच्याकडे बघत नाही. मी रोज बघते.

१२ मे

शिकवायला ती रोज खाली माहेरी जाते, मिनीबसनं. जाऊन-येऊन तीन तास. काल आलीच नाही. सुट्टी होती म्हणून बर्मेतलाही घेऊन गेली होती. मी रोट्या तिघींच्या केल्या. माझीच चूक.

१३ मे

शेजारच्या सापारला बोलावलं, त्याची मोटारची करवत आहे. म्हणाला, "आजी, ही तर तेमिरची झाडं." म्हटलं, "मला सांगतोस?" पहिल्या खोडाला हात लावून उभी होते. "बाजूला व्हा, आजी." झाले.

चार पाडली. पाच ठेवली.

संध्याकाळी बुरुल आली ती फाटकातच थांबली. "आई, हे काय केलंत तुम्ही!" मी म्हटलं, "सावली फार पडत होती. बटाटे येत नव्हते."

आडव्या खोडावर बसली आणि रडली. बऱ्याच वेळानं मी चहा नेऊन दिला. तिनं सरकून जागा केली. बसले.

१५ मे

मार्चपेक्षाही चांगलं लागतंय. समोर उघडंबोडकं दिसतं. सवय होईल.

२४ मे

विहीणबाई आल्या. बाहेरच थांबून चार बुंधे मोजले. चहाचा तिसरा वाडगा घेताना बोलून गेल्या. शहरातली ती नोकरी बुरुलनं फेब्रुवारीतच नाकारली. "किती समजावलं हो मी! ऐकेल तर शपथ. म्हणते, सासूला सोडून जाणार नाही. जन्म मी दिला, आणि राहणार तुमच्यापाशी! असं काय आहे हो तुमच्यात?"

मी म्हटलं, "चहा गार होतोय."

फेब्रुवारीत! तेव्हा आमच्या छपरावर बर्फाशिवाय काही नव्हतं.