सर ओरडत नाहीत

नौपाडा, ठाणे
४ ऑक्टोबर १९८७

ती. आत्यास सरोजचा सा. न. वि. वि.

अठरा तारखेला जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड आहे, आणि काळुराम सरांनी मला ओरडणं बंद केलंय. तू हसशील. पण तीन आठवडे झाले. मुलांना अजून शिव्या बसतात. मुलींमध्ये फक्त मला बसायच्या. पाय हायेत का वल्ही, असं सगळ्या मैदानासमोर. बाकीच्या मुलींना सर नुसतं छान म्हणतात, त्या काय आज ना उद्या सोडणारच. आता मी खांबापाशी चुकले तरी म्हणतात, छान, पानी पी. मुलांच्या संघातला उत्तम मला पाहुणीबाई म्हणायला लागलाय. सरांनी मला मनातून काढलंय. मग निवडीला जाऊ तरी कशाला?

लगेच लिही, नाहीतर कट्टी.

तुझी
सरोज

डोंबिवली
७ ऑक्टोबर

चि. त्र्यंबक यास अनेक आशीर्वाद.

सर ओरडेनासे झाले म्हणून तुझी लेक खेळ सोडायला निघाली आहे. तू कोपरीला त्यांच्या घरी जाऊन त्यांना काही बोललास का? तुला मी ओळखते. भाजीवाल्यानं वजनात मारलं तरी तू त्याचीच माफी मागतोस. खरं काय ते कळव.

तिचं पत्र वाचून मी माझ्या वर्गाच्या वह्या पुन्हा उघडल्या. मुलांच्या वह्यांत लाल शेरे, मुलींच्या वह्यांत अक्षर सुंदर. बावीस वर्षं शिकवते आहे.

राग मानू नकोस, माया आहे तशी ठेव.

वासंती

नौपाडा
१० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हो, गेलो होतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायांबद्दल चारचौघांत असं बोलणं मला सहन झालं नाही. काळुराम होडीला डांबर लावत होते. उठून उभे राहिले. म्हणाले, तुमची पोरगी, तुमचा शबूद, आता एक अक्षर नाय काढनार. मला वाटलं, काम सभ्यपणे झालं.

आपल्या थोरल्या आनंदलाही ते वाटेल तसं बोलतात, तेव्हा का गेला नाहीस, असं तू विचारशील. विचारू नकोस.

सरोजला यातलं काही कळू देऊ नकोस. मैदानावर तिला मान वर करता येणार नाही. एवढं माझं ऐक आणि लोभ कमी करू नकोस.

त्र्यंबक

डोंबिवली
१३ ऑक्टोबर

चि. सरोज हिस आशीर्वाद.

सांगू नकोस असं तुझ्या बाबांनी बजावलंय, तरी सांगते. सरांना गप्प त्यांनी केलं. सरांनी तुला मनातून काढलेलं नाही, ते दिलेला शब्द पाळताहेत. बाबांवर चिडायचं तर चीड. निवडीला जा.

तुझी
आत्या

नौपाडा
१९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंसच.  शनिवारी जेवताना सरोज म्हणाली, शब्द तुम्ही घेतलात, तुम्हीच परत करा.

काल निवडीला मैदानावर गेलो. पहिल्या पळतीत ती चाळीस सेकंदांत बाद झाली. काळुराम म्हणाले, छान. ती चपला शोधू लागली. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, तिला बोला. ते म्हणाले, कुलूप तुमी लावलंव, पैला आवाज तुमी काढा.

दुसऱ्या पळतीत मी ओरडलो. काय ओरडावं ते सुचेना, म्हणून शाळेच्या पटावरचं तिचं संपूर्ण नाव ओरडलो. ती वळून माझ्याकडे बघत राहिली आणि बाद झाली.

त्यावर काळुराम जे बोलले ते पत्रात लिहिता येणार नाही. अर्धं तिला, अर्धं मला. पोरं हसली. उत्तमसुद्धा. सरोज ताठ मानेनं ऐकत होती. मग पाठलागाच्या रांगेत जाऊन बसली आणि त्या डावात तिनं चार गडी मारले.

बारा जणींत नाव नाही. राखीव खेळाडूंत शेवटचं आहे. येताना रिक्षात म्हणाली, पळती चालू असताना हाक मारायची नसते एवढंही तुम्हाला कळत नाही का? अख्ख्या रस्त्यात मला बोलत होती. रिक्षावाला आरशातून बघत होता.

उद्या सकाळी सहाला सराव आहे. मला यायला बंदी आहे.

तुझा
त्र्यंबक