बेटापलीकडची धार

मापनचौकी, डावा काठ
१९ नोव्हेंबर

नारियाताई,

तू बरी ना? पोरांची सर्दी गेली का? इकडे उणे अडतीस आहे. आठवड्यासाठी म्हणून आलो आणि दोन महिने झाले. बोटी कधीच थांबल्या, बर्फावरचा रस्ताही बंद. समोर तुमच्या गावाचा धूर दिसतो आणि येता येत नाही. एका जागी दोनदा न जेवणारा मी, रोज त्याच भांड्यातलं सूप पितोय.

फोनवर बोलायला गेलो की माझ्या तोंडून हवामानच निघतं, म्हणून लिहितोय. प्रोकोपीआजोबा कुत्र्यांच्या गाडीवरून हे पत्र आणतील. त्यांना वाट ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला चौकीचे साहेब बर्फावर पाय ठेवू देत नाहीत.

आपली नदीआजी मोठी विचित्र. खाली समुद्राकडे तिचं तोंड आधी गोठतं, आणि वरून दक्षिणेचं पाणी येतच राहतं. ते बर्फाखालून वाट काढतं. बेटाच्या अलीकडे संथ, तिथे बर्फ जाड. पलीकडे धार, त्यात वरून भुसभुशीत बर्फाचं पांघरूण, म्हणून खाली नीट गोठत नाही. साहेबांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

सात तारखेला मला बारा भोकं पाडून जाडी मोजायची होती. बेटापर्यंत आठ झाली. तिथे आजोबा बर्फाखालून जाळं ओढत होते. मासा बाहेर येताच लाकडासारखा कडक. ते चाकूने त्याच्या चकत्या काढत होते, मी मीठ लावून खात बसलो.

"पलीकडची राहिली ना रे?"

"जातो की."

"जाणारा असा मांडी घालून बसत नाही, केस्किल."

अंधारायला लागलं. उरलेले चार आकडे मी चौकीत शेगडीजवळ बसून लिहिले. चौतीस, तेहतीस, चौतीस, पस्तीस सेंटीमीटर. त्यावर साहेबांनी रस्ता हलक्या गाड्यांना उघडला.

दुसऱ्या दिवशी दाजींची गाडी अकराव्या भोकाच्या जागी खाली गेली. मी तिथे कधी भोक पाडलंच नव्हतं.

ताई, दाजी खुणेच्या फांद्या सोडून गेले नव्हते. चाकांचे ठसे मी पाहिले, अगदी मधोमध होते. गावात म्हणतात, मित्रोफान प्यायला होता. तू फोनवर विचारलंस, "खरं सांग, यांनी घेतली असेल का?" आणि मी म्हणालो, "कोण जाणे." त्या दोन शब्दांवर तू त्यांना, पाण्यात गोठलेली बोटं कापलेल्या हातानिशी, त्यांच्या आईकडे पाठवून दिलंस. मी ते ऐकलं आणि पुन्हा हवामानावर बोललो.

काल साहेबांपुढे वही ठेवली. चारही आकड्यांवर रेघ मारून खाली लिहिलं, मोजले नाहीत, आणि सही केली. त्यांनी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग म्हणाले, "चौकशीचे लोक येईपर्यंत कुठं पळू नकोस."

"पळायला रस्ता आहे का, साहेब?"

"तूच बंद केलास."

हे पत्र आधी दाजींना वाचून दाखव. मग दुकानात, भर गर्दीत, मोठ्याने वाच. त्यांना घरी घेऊन ये. माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नकोस.

दाजी शुद्धीत होते हे माहीत असून गप्प बसलेला
तुझा भाऊ,
केस्किल